तोंड दिसेल असं मरण

सप्टेंबर ३. ऊन.

आजपासून हे सुरू. सांगणार मी, लिहिणार फुसाए. फुसाए माझी सून. मला अक्षर येत नाही. ज्या वयात मुलं पाटी धरतात त्या वयात माझ्या पाठीला दुसऱ्याचं मूल बांधलेलं होतं, आणि ते खाली ठेवून शाळेत जा असं कोणी म्हटलं नाही. त्याचं वाईट वाटत नाही. अक्षर येणारे लोक नाटकाला आले तरी हातातला जाहिरातीचा कागद वाचत बसतात आणि पहिला वार चुकवतात.

वही नातीनं पाठवली, ओसाकाहून. चिए तिथे सूतगिरणीत आहे. निरोप असा की, आजी, रोजचं काहीतरी सांगत जा, डोकं शाबूत राहील. डोकं शाबूतच आहे. पण मागच्या वर्षी कुठल्या नाटकात कोण कसा मेला हे मी विसरते आणि शेजारची ओकिनु त्याचा फायदा घेऊन खोटे वाद जिंकते. म्हणून ही वही. हिच्यात फक्त तलवारी येतील. चहाची झाडं, भाव, गुडघे, यातलं काही येणार नाही.

फुसाए म्हणते, दैनंदिनीत आधी ऊन की पाऊस ते लिहायची रीत आहे. बरं, लिही ऊन.

सप्टेंबर ६. ढग, मग ऊन.

आज पुलावर शूटिंग. कियोतोच्या स्टुडिओची बस सकाळीच आली. आमचा पूल त्यांना का आवडतो ते सांगते. लाकडाचा आहे, कठडा नाही, लांबच लांब आहे, आणि पलीकडच्या काठावर विजेचा एकही खांब नाही. त्यामुळे जुन्या काळातलं काहीही इथे घडू शकतं. फक्त आम्हाला वाळत घातलेले कपडे आत घ्यावे लागतात. ओकिनुची गुलाबी चादर एकदा राहिली होती आणि एका सामुराईचा सूड पुढे ढकलावा लागला.

पडद्यावर आमचा पूल मी पुष्कळ वेळा पाहिलाय. कधी तो एदो शहराचा असतो, कधी ओवारी प्रांताचा, कधी कुठल्याशा उत्तरेच्या प्रांताचा, तिथे म्हणे बर्फ पडतो. नायक पूल ओलांडतो आणि दुसऱ्या प्रांतात उतरतो. खरं म्हणजे तो कान्सुकेच्या रताळ्यांत उतरतो. मी सिनेमागृहात हे मोठ्यानं सांगते. लोक शू शू करतात. करू देत.

आज अकरा माणसं मेली. त्यातला एक चांगला मेला. बाकीचे झोपल्यासारखे पडले.

सप्टेंबर १०. ऊन. उकाडा.

स्टेशनापाशी गेन्तारोची नाटकमंडळी आली आहे. थंडीपर्यंत मुक्काम, मग लांब दक्षिणेला, क्यूशू बेटावर जाणार. पहिल्याच खेळाला मी पुढच्या रांगेत उशी टाकून बसले.

गेन्तारो मंडळीचा मालक आणि नायकही तोच. त्याची तलवार म्हणजे बांबूवर चंदेरी कागद, पण ती म्यानातून निघाली की माझ्या पाठीला गार वारा लागतो. चौघे चाल करून येतात, लाकडाच्या ठोकळ्यांचा कडकडाट होतो, चौघे पडतात, आणि तो एक पाय पुढे टाकून, मान झटकून, डोळे वटारून थबकतो. त्या थबकण्यात जी फट असते तिच्यात त्याचं नाव टाकायचं असतं. आधी टाकलं तर माती, नंतर टाकलं तरी माती. या नाटकघरात ती फट माझी आहे. "गेन्तारो!" अशी माझी हाक पडली की मगच लोक टाळ्या वाजवतात.

आज मात्र मी दुसरंच केलं. मरणाऱ्यांत एक उंच, पन्नाशीकडे झुकलेला माणूस होता. हाच परवा पुलावर चांगला मेलेला, मी लगेच ओळखला. मोठी मारामारी असली की स्टुडिओवाले मंडळीकडून माणसं उसनी नेतात. वार बसल्यावर तो पडला नाही. घरी काहीतरी विसरून आल्यासारखा उभा राहिला. मग पाठ धनुष्यासारखी मागे वाकवून, डोकं जमिनीला टेकेपर्यंत गेला, आणि मग हळूच सुटला. मी शेजाऱ्याला विचारलं, याचं नाव काय. तो म्हणाला, तोकुजी. गेन्तारो थबकला, फट आली, आणि मी "तोकुजी!" म्हणून हाक दिली.

मेलेल्याचं नाव कोणी घेत नसतं. सगळं नाटकघर हसलं. गेन्तारोची मान तशीच झटकलेली राहिली.

फुसाएही हसली. मी तिला पहिल्यांदाच बरोबर नेलं होतं. हसताना तिला तोंड झाकायचं सुचलं नाही.

सप्टेंबर १३. ढग.

दारात तो मेलेला माणूस उभा. हातात तोफूचा डबा. कमरेत वाकून म्हणाला, "आजी, मिसरूड फुटल्यापासून मरतोय. माझं नाव कोणी घेतलं नव्हतं."

"मग मालक रागावला असेल."

"तीन खेळ मला काळोखात मरायला लावलं."

मी त्याला आत घेतलं. फुसाएनं जवाचा चहा दिला. मी त्याला सांगितलं की तू चांगला मरतोस पण तुझा डावा हात मरत नाही, तो शेवटपर्यंत तोल सांभाळत राहतो. त्यानं आपला डावा हात उलटसुलट करून बघितला. मग म्हणाला की हे त्याला गुरूनंही सांगितलं नव्हतं. उठला आणि आमच्या चुलीपुढे मरून दाखवलं. तीनदा. तिसऱ्या वेळी हात मेला.

फुसाए वांगी निवडत होती. तिनं बघितलं नाही. वांगी मात्र निवडलेलीच पुन्हा निवडली.

(फुसाए म्हणते हे लिहिणार नाही, हे तलवारीचं नाही. मी म्हटलं, लिही. वांगी चिरतात ती काय चमच्यानं?)

सप्टेंबर १७. ऊन.

तोकुजी पुन्हा आला. माझ्याकडून शिकायला येतो. अशी माणसं राहिली नाहीत, म्हाताऱ्या बाईकडून मरण शिकायला तासभर चालत येणारी.

त्याच्या अंगरख्याची शिवण बगलेत उसवली होती, कारण हात वर करून मरावं लागतं. फुसाएनं शिवून दिली. मी म्हटलं, मंडळीत शिंपी नाही का? तो म्हणाला, आहे, पण तो फक्त नायकाचं शिवतो, मरणाऱ्यांनी आपापलं शिवायचं.

जेवायला थांबला. मासा होता. अलीकडे घरात मासा असतो. वही सुरू केल्यापासून सून सुधारली आहे.

सप्टेंबर १८. पाऊस येतो येतो म्हणून आला नाही.

आज एक गंमत. फुसाए संध्याकाळी म्हणाली, "ते आले नाहीत आज."

मी म्हटलं, "ते कोण?"

म्हणाली, "तेच."

"तेच कोण? पोस्टमन?"

त्यावर ती पाणी आणायला गेली. हंडा भरलेला होता.

सप्टेंबर २०. ऊन.

मोठी बातमी. स्टुडिओत नागाई म्हणून डायरेक्टरचा मदतनीस आहे, नेहमी धावत असतो, त्याची टोपी एकीकडे आणि तो दुसरीकडे. सहा तारखेच्या पुलावरच्या मारामारीत त्यानं तोकुजीला हेरलं. येत्या चोवीस तारखेला सिनेमाच्या नायकाच्या हातून पुलावर शेवटचा माणूस मरायचा आहे, तो तोकुजी. आणि तोंड कॅमेऱ्याकडे!

वाचणाऱ्याला याचं महत्त्व कळणार नाही म्हणून सांगते. मरणाऱ्याची पाठ दिसते. पाठीवर वार बसतो, पाठ पडते, पाठ वाहून जाते. इतकी वर्षं पडद्यावर तोकुजीची पाठच आहे. आता तोंड दिसणार. डायरेक्टरसाहेबांना ते पसंत पडलं तर त्याला स्टुडिओच्या मोठ्या खोलीत घेतील. मोठ्या खोलीत बिननावाचे नट बसतात, पण कायमचे बसतात. मग मंडळीबरोबर गावोगाव फिरायला नको. कियोतोत राहायचं, आणि कियोतो इथून बसनं जवळ.

"आणि पसंत नाही पडलं तर?" मी विचारलं.

"तर क्यूशू," तोकुजी म्हणाला. "आणि मग जिथे मंडळी तिथे."

फुसाएनं भात वाढला. त्याच्या वाडग्यात इतका वाढला की तो डोंगर उपसायला त्याला बराच वेळ बसावं लागलं.

सप्टेंबर २२. ढग.

फुसाएनं डोक्यात नवी फणी खोचली आहे. मी म्हटलं, कुठून आणलीस. म्हणाली, जुनीच आहे. ही मला जुनं-नवं शिकवते.

तोकुजीनं आज मरण बसवलं. मी नायक झाले, हातात चुलीची फुंकणी. मी वार केला, तो वळला, तोंड वर केलं. मी म्हटलं, चांगलं आहे पण डोळे कुणाकडे? मरताना डोळे कुणाकडे तरी हवेत, नाहीतर माणूस भिंतीवरची पाल बघतोय असं वाटतं. विचार करतो म्हणाला.

ऑक्टोबर १. वारा.

इतके दिवस वही बंद होती. लिहिणारी बोलत नव्हती. आज स्वतःच वही आणून समोर ठेवली आणि म्हणाली, "सांगा."

सांगते. चोवीस तारखेला गाव सगळं काठावर. पुलावर मेलेले लोक आधीच पडलेले, त्यांना हलायचं नाही अशी ताकीद. सूर्य उतरत आलेला. डायरेक्टरला तोच उजेड हवा होता म्हणून दुपारभर सगळे थांबले. नायक पुलाच्या मध्यात. तोकुजी धावत आला. एक वार, दुसरा वार तोकुजीचा हुकला, तिसरा नायकाचा बसला. तोकुजी वळला. तोंड वर केलं. सगळीकडे अशी शांतता झाली की नदी ऐकू आली. फट आली.

आणि मी हाक दिली.

माझ्या मनात काही नव्हतं. अशी फट आली की आवाज आपोआप जातो, शिंक जाते तसा. "तोकुजी!" नदीच्या त्या काठापर्यंत गेला. पुलावर मेलेले सगळे माना वर करून बघायला लागले, कोण ओरडलं म्हणून. नायक तर सवयीनं हसून काठाकडे वळला, त्याला वाटलं त्याच्यासाठी कोणीतरी काही म्हणतंय. एकटा तोकुजी हलला नाही. त्यानं आपलं मरण पूर्ण केलं आणि पाठीनं नदीत गेला. पण मेलेले उठून बसले असताना एकानं मरून काय उपयोग.

उजेड गेला. तोकुजीचा एकच पोशाख, तो भिजला. नायकाची गाडी निघाली. नागाई माझ्यासमोर आला, टोपी काढली, काही बोलणार होता, मग टोपी पुन्हा घातली. नुसतं म्हणाला, "आजी, हे नाटकघर नाही हो."

घरी येताना रस्त्यावर फुसाए माझ्या पुढे चालत होती. लग्न होऊन या घरात आल्यापासून ती माझ्या पुढे कधी चालली नाही.

"आई," मागे न बघता म्हणाली, "काय केलंत तुम्ही कळतंय का तुम्हाला?"

"नाव घेतलं. चांगल्या कामाला नाव घ्यायचं असतं."

"ते जाणार आता."

"जाऊ दे. नट आहे, नट फिरतोच. पुढच्या वर्षी येईल मंडळीबरोबर."

"त्यांनी मला विचारलं होतं."

"काय?"

"क्यूशूला येशील का म्हणून."

मी चालायची थांबले. "मग? काय सांगितलंस?"

"काय सांगणार? तुम्हाला कोण बघणार?"

बस्स, इतकंच. मग घर आलं.

हे लिहिताना फुसाएचं पेन थांबलंय. थांबू दे. मी पण थांबते.

ऑक्टोबर २. वारा, संध्याकाळी पाऊस.

माझे डोळे चांगले आहेत. सुईत दोरा मीच ओवते. गेन्तारोच्या मंडळीत कोणाची तलवार दोन बोटं आखूड आहे ते मी पुढच्या रांगेतून सांगते. आणि माझ्या चुलीपुढे काय चाललं होतं ते मला दिसलं नाही, कारण मी मरणाऱ्याच्या डाव्या हाताकडे बघत होते.

‘ते’ म्हणायला लागली तेव्हाच कळायला हवं होतं. सेइजीला ती ‘ते’ म्हणायची. सेइजी म्हणजे माझा मुलगा, हिचा नवरा. दोन सुगी एकत्र राहिले, मग तो दक्षिणेच्या समुद्रावर लढायला गेला आणि युद्ध संपलं तरी तिथेच राहिला. फुसाए तेव्हा पोटुशी होती. तेव्हापासून माझं आणि हिचं चाललंय. लोकांना वाटतं ती माझी सेवा करते. तसं काही नाही. आम्ही दोघी एकमेकींची खोडी काढत म्हाताऱ्या होतो आहोत, फक्त मी पुढे आहे.

फुसाए, तू हे लिहितेयस म्हणून तुलाच सांगते. तू जा असं मी म्हणणार नाही. तू जाणार नाहीस, आणि मी म्हटलं तर मोठेपणाचं नाटक होईल, आणि नाटकाच्या मागे लागून आधीच एवढं झालं. पण तोकुजीला जावंच लागणार नाही असं काही करता येतंय का ते बघू.

(म्हणते, पाऊस वाढलाय, पुरे करा.)

ऑक्टोबर ४. पाऊस थांबला. नदी मोठी.

काल सकाळीच नागाईला टेलिफोन केला, डाकघरातून. आयुष्यात पहिल्यांदा. तारेत तोंड घालून ओरडले तर तो म्हणाला, "आजी, न ओरडता ऐकू येतंय. तुमचा आवाज मला पाठ आहे."

तो वाईट माणूस नाही. म्हणाला, आठ तारखेला आम्ही नायकाचा आणखी एक प्रसंग घ्यायला पुलावर येणार आहोत. उजेड मिळाला तर तोकुजीचा प्रसंग पुन्हा घेऊ, साहेबांना मी पटवतो. पण त्या दिवशी नाही झालं तर स्टुडिओतच कुणाची तरी पाठ दाखवून भागवणार.

मी डाकघरातून हसत बाहेर पडले. आणि आज पहाटे नदीनं पूल नेला.

नेला म्हणजे, आमचा पूल नेण्यासाठीच बांधलेला आहे. पूर आला की वरच्या फळ्या सुटतात, पण त्या दोरांनी खांबांना बांधलेल्या असतात. म्हणून त्या वाहून जात नाहीत, प्रवाहात लांब झेंड्यासारख्या तरंगत राहतात. पाणी उतरलं की ओढून काढायच्या आणि पुन्हा बसवायच्या. सुगीचे दिवस असले की हे काम भात कापून होईपर्यंत थांबतं. सरपंच योशिओकानं सांगितलं, "इनेबाई, महिना लागेल."

आठ तारखेला चार दिवस आहेत.

ऑक्टोबर ५. ऊन.

घरोघरी गेले. फुसाएला बरोबर येऊ दिलं नाही, तिला खोटं ऐकवत नाही.

योशिओकाला सांगितलं की डायरेक्टर त्याची बसायची ढब बघून गेलाय आणि एखाद्या न्यायाधीशाचं काम निघालं तर त्यालाच विचारणार आहे. कान्सुकेला सांगितलं की पूल नसेल तर स्टुडिओवाले नावेनं येतील आणि त्याच्या रताळ्यांतून चालतील. तरुण पोरांना सांगितलं की आठ तारखेला नायिका येणार आहे. ती येणार आहे की नाही मला माहीत नाही. नाही आली तर आजारी पडली म्हणेन.

ओकिनुकडे गेले नाही. तिच्याशी खोटं चालत नाही, तिला माझी सगळी माहीत आहेत. पण संध्याकाळी तीच आली. दारात उभी राहून म्हणाली, "फुसाएसाठी चाललंय ना?"

"तुला कोणी सांगितलं?"

"कोणी कशाला? पहिल्या दिवसापासून सगळ्या गावाला माहीत आहे. तू पुढच्या रांगेत बसतेस, तुला मागचं दिसत नाही."

आणि म्हणाली, "माझे दोन मुलगे आणि बैल येतील उद्या."

ऑक्टोबर ७. ऊन. पाणी उतरलं.

काल आणि आज पूल ओढला. ओली फळी म्हणजे मेलेला घोडा. वीसेक माणसं दोरीला, ओकिनुचा बैल एका बाजूला, आणि काठावर खोक्यावर बसलेली मी. पहिल्यांदा कोणी कधीही ओढत होतं. योशिओका शिट्टी वाजवत होता, ती बैलालाच आवडली. मग कान्सुके ओरडला, "इनेबाई, आवाज तुमचा आहे ना? द्या की!"

दिला. "हां" म्हणायचं आणि श्वास घ्यायला जागा सोडायची, त्या जागेत सगळ्यांनी ओढायचं. एवढंच आहे. फट माझ्या ओळखीची.

तोकुजीही होता. मंडळीच्या खेळाला त्यानं दांडी मारली. माझ्याकडे बघून वाकला आणि दोरीला लागला. फुसाए आणि तो एकाच दोरीवर होते, मध्ये तीन माणसं. मी बघितलं. या वेळी बघितलं.

संध्याकाळी शेवटची फळी बसली. योशिओकानं पुलावर जाऊन न्यायाधीशासारखं बसून पाहिलं.

ऑक्टोबर ८. निरभ्र.

शूटिंग झालं. मी गेले नाही.

फुसाए म्हणाली, "चला की आई, तोंडावर टॉवेल धरून बसा." मी म्हटलं, टॉवेलवर माझा भरवसा नाही. ती फणी खोचून गेली. मी सेइजीच्या तसबिरीपुढे बसले. त्याला सांगितलं की असं असं आहे, माणूस बरा आहे, उंच आहे, डावा हात सुधारलाय. तो काही बोलला नाही. लहानपणीही हरकत नसली की बोलायचा नाही. हो समजले.

दिवेलागणीला फुसाए आली. ओली. विचारलं तर म्हणाली, त्यांना नदीतून काढायला गेले होते.

"कसा मेला?" मी विचारलं.

"चांगले."

"चांगले काय? एवढी मी तुला शिकवली! नीट सांग. हे वहीत जाणार आहे."

मग तिनं सांगितलं. तिच्याच शब्दांत लिहायला लावलं, मी काही घातलेलं नाही:

"वार बसला तेव्हा ते थांबले. दुखलं असं नाही वाटलं, आठवलं असं वाटलं. तलवार हातातून आपोआप सुटली, त्यांनी टाकली नाही. मग वळले. उजेड तोंडावर आला. कॅमेऱ्याकडे बघायला हवं होतं पण त्यांनी कॅमेऱ्याच्या जरा बाजूला बघितलं, काठाकडे. खूप वेळ बघितलं. मेलेले कोणी हलले नाहीत. मग पाठ वाकत गेली, आणि दोन्ही हात गेले, आणि ते पाण्यात गेले."

"काठावर बाजूला कोण होतं?"

पेन थांबलं.

"मी होते," फुसाए म्हणाली.

डायरेक्टर नुसता "हं" म्हणाला म्हणे. नागाई म्हणाला की साहेबांचं "हं" म्हणजे पुष्कळ झालं.

हे मरण मी पाहिलेलं नाही ही गोष्ट ओकिनुला कळता कामा नये.

ऑक्टोबर १४. ढग.

मोठ्या खोलीत जागा मिळाली. पुढच्या महिन्यापासून. गेन्तारोनं तोकुजीला चंदेरी कागदाची तलवार भेट दिली आणि माझ्याकडे निरोप पाठवला की पुढच्या वर्षी त्या म्हातारीनं फक्त जिवंत माणसांचं नाव घ्यावं.

तोकुजी आला आणि उंबऱ्यापाशीच गुडघे टेकून बसला, फुसाएला मागायला. मी म्हटलं, देणार नाही. फुसाएच्या हातातली झारी तशीच राहिली. मी म्हटलं, घेऊन जायची असेल तर देणार नाही. इथे येऊन राहणार असशील तर घे. सकाळची बस स्टुडिओच्या दारात जाते. तुझे ते बगलेत उसवणारे कपडे शिवायला इथे माणूस आहे, आणि मरण तपासायला मी आहे.

त्यानं कपाळ जमिनीला टेकवलं, आणि बराच वेळ उचललं नाही. मी फुसाएला म्हटलं, बघ गं, खरंच गेला की काय.

नोव्हेंबर ९. ऊन. गार.

आजचं तोकुजी लिहितोय. फुसाए ओसाकाला गेली आहे, चिएला समोर बसून सांगायला. पत्रात सांगायची गोष्ट नाही ही. पोरगी रडेल, मग हसेल, मग विचारेल की सामुराईशी लग्न केलंस की दरोडेखोराशी. दोन्ही, असं सांग म्हटलंय.

याचं अक्षर कसं आहे मला कळत नाही, पण पेन फार कुरकुरतं. फुसाएचं नाही कुरकुरत. आणि हा लिहिताना ओठ हलवतो.

लग्नाला फार कोणी नव्हतं. योशिओका, नागाई, ओकिनु. ओकिनु तीन वेळा जेवली.

हा मला विचारतो की वहीत तुमचं नाव काय लिहू, आजी की इनेबाई. म्हटलं, आजीच बरं. दुसरं काही म्हणालास तर मला तुझी काळजी करावी लागेल आणि त्याला आता माझ्याकडे वेळ नाही, तलवारी बघायच्या आहेत.

बसची वेळ झाली. आज काय काम म्हणून विचारलं. म्हणाला, दोनदा मरायचंय, सकाळी डोंगरावर आणि दुपारी देवळाच्या पायऱ्यांवर. पायऱ्यांवर जपून, म्हटलं. आणि हेही लिही: दोनदा मर, दहादा मर, कामावर हवं तितकं मर. पण संध्याकाळी जेवायला या दारातून जिवंत यायचं. या घरातून एकजण गेला आणि त्याचं ताट मी फार वर्षं झाकून ठेवलं. आता मला ताट झाकायचा कंटाळा आलाय.

पेन थांबलं. मी विचारलं, लिहिलंस का.

म्हणाला, "लिहिलं, आई."